हेमाताईंचा चढ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पावस गावाहून खास आलेले आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय देवदत्तकाका, आपले मुख्याध्यापक हरिहर सर, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक, पालकवर्ग, गावोगावहून आलेले माजी विद्यार्थी, मागे खिडकीत चढून बसलेले आजी विद्यार्थी (उतरा रे खाली, मला इथून सगळं दिसतंय), आणि समोर पहिल्या रांगेच्या कडेला, आपल्या चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या इतिहासाच्या बाई, हेमाताई करंबेळकर, सर्वांना माझा नमस्कार.

मी भिकाजी. या शाळेचा पी.टी.चा मास्तर. मला माईक लागत नाही हे रत्नागिरीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी समोर ठेवलाय म्हणून वापरतो. भाषण करायची सवय मला नाही. माझं काम शिट्टी मारायचं. पण हरिहर सर म्हणाले, 'तुम्ही मुंबईला बरोबर होतात, तेव्हा तुम्हीच बोला.' आता खरं सांगायचं तर तेही बरोबर होते. पण मुख्याध्यापक माणूस, अवघड काम कुणाच्या गळ्यात घालायचं ते त्यांना बरोबर कळतं. सर, हसू नका, अध्यक्ष बघतायत.

मघापासून काही पालकांच्या तोंडावर मला एक प्रश्न दिसतोय. सत्कार ज्यांचा, त्या खाली. आणि हारतुरे सांभाळत आम्ही सगळे वर. हा काय प्रकार? या शाळेत रीतभात म्हणून काही आहे की नाही? आहे हो, आहे. ताईंना आम्ही सकाळपासून विनवलं की आधी वर येऊन बसा. त्या म्हणाल्या, 'तुमची भाषणं मला पाठ आहेत. ती उरकू देत. सत्काराची वेळ झाली की मी येईन. माझी मी येईन.'

व्यासपीठाच्या डाव्या, मैदानाकडच्या उघड्या बाजूला बघा. तो जांभ्या चिऱ्याचा लांबलचक चढ दिसतोय ना, रॅम्प म्हणतात तो, तो या शाळेत गेल्या उन्हाळ्यापर्यंत नव्हता. तिथून ताई येणार आहेत. कुणीही ढकलणार नाही. आता जमेल का? मला माहीत नाही. पावसाळाभर त्यांचा उजवा खांदा दुखत होता, हात वर करून फळ्यावर लिहिता येत नव्हतं. काल संध्याकाळी मी म्हटलं, 'ताई, कुणी नाहीय तोवर एकदा चढून बघा.' तर म्हणाल्या, 'रंगीत तालीम नाटकाची करतात, भिकाजी. मी नाटकात नाहीय.' झालं माझं समाधान! म्हणजे या सभागृहात कुणालाच ठाऊक नाही काय होणार ते.

तर हा चढ कुठून आला, एवढंच मी सांगणार आहे. बाकी त्यांच्या सेवेचा आढावा, पुरस्कार वगैरे नम्रता म्याडमनी व्यवस्थित सांगितलं आहे.

नव्या पालकांसाठी थोडं मागचं सांगतो. ताईंना लहानपणी पोलिओ झाला. आधी त्या पायांना कॅलिपरच्या पट्ट्या लावून काठीवर चालायच्या. व्हरांड्यातून काठीचा आवाज आला की आठवीचा वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मी शिट्ट्या मारून मारून जे करायचो ते त्यांची काठी करायची. पुढे गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं आणि खुर्ची आली. हरिहर सरांनी इतिहासाचे सगळे वर्ग तळमजल्यावर आणले. पण हे व्यासपीठ होतं तिथंच राहिलं. याला पायऱ्या. स्नेहसंमेलनात बक्षिसांची नावं ताई वाचायच्या, त्या खालून, त्या खांबाजवळ बसून. त्यांना आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मिळाला तेव्हा पाहुणे हार घेऊन खाली उतरले. आम्ही म्हणायचो, 'ताई, उचलून नेतो की, आम्ही काय मेलोय?' त्या म्हणायच्या, 'इथून मला छान दिसतं.' आम्हाला ते खरंच वाटायचं.

आणि सहलीला त्या कधी आल्या नाहीत. शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी मुंबईला जायची, तिथलं मोठं वस्तुसंग्रहालय बघायला. ताई मागे राहायच्या. तिथं एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या नावाने उभा केलेला दगड, त्यावर चित्रं कोरलेली असतात. हा दगड आपल्या कोकणपट्टीतला, आणि लढाई समुद्रातली. ताई दरवर्षी त्याचं चित्र फळ्यावर काढायच्या. माजी विद्यार्थ्यांनो, आठवतंय ना? वर कैलास, मधे लढाई, खाली जहाज. पण पुस्तकातल्या फोटोत जहाजाचा खालचा भाग सगळा काळा, काही म्हणता काही दिसायचं नाही. म्हणून सहल परत आली की ताई पोरांना विचारायच्या, 'जहाजात माणसं काय करतायत रे?' पोरं म्हणायची, 'लढतायत.' 'लढतायत ते कळलं. बाकीचे?' की सगळे गप्प. मला विचारायच्या, 'भिकाजी, तुम्ही तर मोठे आहात, तुम्ही बघितलंत?' आता मी पोरं मोजू की दगड बघू? दर सहलीनंतर हेच. 'बाकीचे' काय करतात ते कुणीही बघून आलं नाही.

मागच्या दिवाळीत शिक्षक खोलीत फराळ चालला होता. ताई सहज म्हणाल्या, 'आता पुढच्या वर्षी मी नोकरीतून सुटणार. तो दगड तेवढा बघायचा राहिला.' चकली हातातच राहिली माझी. म्हटलं, राहिला म्हणजे? आपण कशाला आहोत? तिथल्या तिथं ठरलं. ओमकार, आपला माजी विद्यार्थी, तो बघा मागे उभा आहे, त्याची मोठी गाडी आहे. गाडीत ताई, हरिहर सर, नम्रता म्याडम आणि मी. म्याडम गणिताच्या, त्यांनी लगेच वेळापत्रक बनवलं. कुठलं दालन किती वाजता, जेवण किती वाजता. शाळेची सहलच ती, फक्त पोरं म्हातारी.

पनवेलला म्याडमच्या भावाकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या दारात हजर. म्हणजे हजर व्हायला दुपार झाली, गाडी लावायला जागाच मिळेना. समोर बघतो तर दगडी पायऱ्या. रुंद, उंच, राजवाड्याला असाव्यात तशा. म्याडम घड्याळ बघतायत. आता तुम्हीच सांगा, कुणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? दारातल्या माणसाला विचारलं असतं, बाबा रे, चाकांच्या खुर्चीला दुसरी वाट आहे का? बरोबर? पण आम्ही पडलो कोकणातले. आम्ही विचारत नाही. आम्ही उचलतो.

मी देवरुखाकडच्या खेड्यातला. दर शिमग्याला देवीची पालखी माझ्या खांद्यावर नाचते. ओमकारही त्यातलाच. मी म्हटलं, 'ओमकार, धर पुढून.' हरिहर सरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. चौथा माणूस पाहिजे होता. तेवढ्यात दारावरचा सुरक्षारक्षक धावत आला. मला वाटलं, ओरडणार. तर म्हणतो कसा, 'कुटलं वो तुमी?' म्हटलं, रत्नागिरी, मूळचा देवरुखाकडला. 'मंग आमचंच की! मी गंगाराम. थांबा थांबा, ह्या बाजूस मी खांदा देतो.' ताई म्हणाल्या, 'खांदा द्यायला अजून अवकाश आहे.' पण ऐकतो कोण? उचलली खुर्ची!

आणि मंडळी, खोटं कशाला बोलू, पालखीवाले चार जण एकत्र आले की पाय सरळ पडत नाहीत. ढोल नाही, ताशा नाही, पण दोन पायऱ्या वर की एक झोका उजवीकडे, दोन पायऱ्या वर की एक झोका डावीकडे. गंगारामने तर तोंडाने ठेकाच धरला. कुठल्याशा शाळेची सहल आली होती, ती पोरं टाळ्या वाजवायला लागली. लोकांनी मोबाइल काढले. एका बाईंनी चपला काढून हात जोडले! त्यांना वाटलं असणार, कुणी मोठ्या माताजी आल्यात. ताई मधेच 'थांबा' म्हणाल्या होत्या म्हणे. नम्रता म्याडमनी ऐकलं, आम्ही नाही. आम्ही आपले रंगात आलेलो.

वर पोचलो. खुर्ची टेकवली. मी कपाळाचा घाम पुसला आणि वाटलं, आता ताई म्हणणार, वा भिकाजी! ताईंनी दोन्ही हात खाली नेले आणि चाकांचे ब्रेक लावले. खट्. खट्.

'झालं नाचवून?' त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. आठवीच्या वर्गात लावायच्या तोच आवाज. चेहरा मात्र मी तसा कधी पाहिला नव्हता. लाल झालेला आणि डोळ्यांत पाणी. आम्ही चौघं आठवीतली पोरं उभी असतात तसे उभे.

'मला खाली न्या.'

हरिहर सर म्हणाले, 'अहो ताई, आत्ताच तर आलो. संग्रहालय बंद व्हायला फार वेळ नाही.'

'वेळ माझा जातोय ना? जाऊ दे. जन्मभर माणसांनी मला उचललंय, सर. लहानपणी आईने, मग भावांनी, एसटीत कंडक्टरने. प्रेमाने उचललंय, कळतं मला. पण उचलायच्या आधी एकाने तरी विचारावं की हेमा, तुला कुठून जायचंय? इथं दुसरी वाट आहे का, कुणी विचारलं?'

तेव्हा गंगाराम हळूच म्हणाला, 'वाट हाय वो बाय. बगलेला हाय. चाकाच्या खुर्चीसाटीच केलीय.'

आम्ही सगळे त्याच्यावर तुटून पडलो. मी म्हटलं, 'मेल्या, मग आधी बोलला का नाहीस?'

'बोलनार हुतो,' तो म्हणाला. 'पन गावची मानसं दिसली नि मला ऱ्हावलंच न्हाय.'

यावर ताई हसल्या. हसल्या, पण ब्रेक काही काढला नाही. मग काय करता? खाली आणलं. या खेपेला एकही झोका नाही, चौघं एकदम सरळ. लोकांना वाटलं असेल, ही कसली माणसं, बाई वर नेतात आणि न दाखवताच परत आणतात. मला लाज वाटली. ताईंना पायऱ्यांवरून नेलं याची नव्हे हो, इतकी वर्षं 'इथून छान दिसतं' हे मी खरं मानलं, याची वाटली.

बाजूला वाट होती. साधी, सिमेंटची, लोखंडी कठडा असलेली. ताईंनी ब्रेक काढले, चाकांना हात घातला आणि निघाल्या. आम्ही मागे. मंडळी, मी पोरांना दंडबैठका काढायला लावतो, डोंगर चढवतो. पण त्या दिवशी मला कळलं की हात खिशात ठेवून चालणं हाच सगळ्यात अवघड व्यायाम. वाटेत एका दालनाला दगडी उंबरा आला. पुढची छोटी चाकं अडकली. ताईंनी जोर लावला, नाही. पुन्हा लावला, नाही. माझे हात आपोआप पुढे गेले. नम्रता म्याडमनी माझा सदरा मागून धरला, हो, गणिताच्या असल्या तरी पकड चांगली आहे. ताई थांबल्या, दम घेतला, खुर्ची पूर्ण फिरवली आणि मोठी चाकं आधी घालून उलट्या पार झाल्या. पार झाल्यावर आमची तोंडं समोरासमोर आली. म्हणाल्या, 'बघताय काय? चला.'

वेळापत्रकाचं काय झालं विचारू नका. म्याडमनी ते पर्समध्ये घातलं ते घातलंच. राजांची तलवार राहिली, चिनी भांडी राहिली. वीरगळाच्या दालनात पोचलो तेव्हा बंद व्हायची घंटा झाली होती. बाकीचे रक्षक लोकांना बाहेर काढत होते. आमचा गंगाराम दारात आला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि एकेक खिडकी लावायला लागला. एक खिडकी लावायला एवढा वेळ लागलेला मी जन्मात पाहिला नाही.

आणि समोर तो दगड, चौथऱ्यावर उभा. माझ्याहून उंच. मी कितीदा पाहिला असेल! वर कैलास, वीर हात जोडून बसलाय, अप्सरा चवऱ्या ढाळतायत. त्याच्या खाली लढाई, तलवारी, धनुष्यं. मी नेहमीसारखा वर बघत होतो. खुर्ची अगदी जवळ नेऊन ताई समोर बघत होत्या, मान वर न करता. एकदम म्हणाल्या, 'भिकाजी, सापडले.'

'कोण?'

'बाकीचे. खाली या, तिथून दिसायचे नाहीत तुम्हाला.'

मी उकिडवा बसलो, त्यांच्या खुर्चीच्या उंचीला. आणि दिसलं. जहाजाच्या पोटाशी, दगडाच्या अगदी तळाला, ओळीने माणसं. छोटी छोटी, अंगठ्याएवढी. प्रत्येकाच्या हातात वल्हं.

ताई म्हणाल्या, 'ही सगळी बसलेली आहेत, बघितलंत? उभे आहेत ते लढतायत, त्यांचं नाव झालं, कैलास मिळाला. पण जहाज नेतंय कोण? ही बसलेली माणसं. यांनी वल्हं सोडलं तर वरच्यांनी काय पोहत जाऊन लढायचं?'

मग म्हणाल्या, 'किती वर्षं मी पोरांना अर्धाच दगड शिकवला.'

मी उकिडवाच बसून ती माणसं मोजत राहिलो. हरिहर सर सुट्टीचा अर्ज तपासायच्या आधी पुसतात तसा चष्मा पुसत होते. आणि दारात गंगाराम तीच खिडकी परत उघडून परत लावत होता.

परत येताना चिपळूणला चहा घेताना ताई म्हणाल्या, 'सर, माझा निरोप समारंभ करणार असाल, तर व्यासपीठावर करा. आणि मला तिथं माझं मला येता येईल अशी वाट करा. नाहीतर करूच नका, मी घरी सुखाने जाईन.'

सरांनी देवदत्तकाकांना सांगितलं. काकांनी एका शब्दाने विचारलं नाही, आपल्या बागेतल्या आंब्याच्या धांदलीतही चिऱ्यांचा ट्रक पाठवला. रामा गवंडी आला. रामाने आधी बांधला तो चढ उभाच्या उभा, कारण त्याला माझं खो-खोचं मैदान वाचवायचं होतं. ताई तिथंच खुर्ची लावून बसलेल्या. म्हणाल्या, 'रामा, तुला मला वर न्यायचंय की मोटरसायकल?' मोडून परत बांधला. त्यात माझ्या मैदानाचा कोपरा गेला. मी दोन दिवस कुरकुर केली, मग खांब सरकवले. पोरांना म्हटलं, आता जरा लवकर वळा. त्याने काही बिघडलं नाही, उलट गेल्या महिन्यात आपण तालुक्यात जिंकलो.

तर असा हा चढ. ताई गेल्या तरी तो राहणार आहे. पुढे कुणी मूल चाकांवर येईल, कुणी आजी काठी घेऊन नातवाचं बक्षीस बघायला येईल, त्यांना कुणाच्या खांद्याची वाट बघावी लागणार नाही.

मी वेळ खाल्ला, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही याबद्दल त्यांचे आभार. सरांचे, म्याडमचे, ओमकारचे, रामा गवंड्याचे आणि मुंबईतल्या आमच्या गंगारामचे आभार. शिट्टीवर जगणारा माणूस आहे, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राहून गेला असेल, तर आपलाच समजून पोटात घाला.

आता शेवटचं. सत्काराची वेळ झाली आहे. अशा वेळी सभागृहाने उभं राहून मानवंदना द्यायची पद्धत आहे. मी या शाळेत आल्यापासून रोज सकाळी एकच ओरडत आलो, 'उठा! उभे राहा! ताठ!' आज पहिल्यांदा उलटं सांगतो. कुणी उठायचं नाही. अध्यक्ष महाराज, तुम्हीसुद्धा नाही. मीही खुर्ची ओढून बसतोय. आज या सभागृहात सगळे बसलेले असतील. टाळ्या आत्ता नकोत, वर पोचल्यावर.

ऐकलंत? ब्रेक निघाले.

नम्रता म्याडम, बसा खाली. हात मांडीवर.

ताई, या.